विश्लेषण : पोलिसांची लाठी तीच, मग लोकांचा राग वेगवेगळा का?

मराठवाड्यात पंधरा महिन्यांच्या अंतराने पोलिसी बळाच्या वापराची दोन मोठी प्रकरणे घडली. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी परभणीत कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. दोन्हींचे पडसाद नांदेड आणि लातूरमध्येही उमटले. मात्र दोन्ही वेळी रस्त्यावर उतरलेले लोक बहुतांशी वेगळे होते, आणि एका घटनेवर संतापलेले अनेक जण दुसऱ्या घटनेवर गप्प राहिले. पोलिसांनी केलेला बळाचा वापर योग्य की अयोग्य, हे आपण नेमके कशावरून ठरवतो? मार खाणारा बाई आहे की पुरुष, कोणत्या जातीचा, जमातीचा, धर्माचा आहे, यावर आपले मत किती अवलंबून असते?

अंतरवाली सराटीत काय घडले होते?

मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण २९ ऑगस्ट २०२३ पासून सुरू होते. १ सप्टेंबरला सायंकाळी त्यांना रुग्णालयात हलवण्यासाठी पोलीस गावात आले आणि तेथे लाठीमार, अश्रुधूर झाला. आधी दगडफेक झाली, असे पोलिसांचे म्हणणे होते; आंदोलकांनी ते फेटाळले. काही तासांत जखमी महिला आणि वृद्धांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागली. दुसऱ्या दिवसापासून राज्यातील मोठ्या नेत्यांची गावात रीघ लागली. मराठवाड्यात बंद आणि रास्ता रोको झाले, एसटीच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

४ सप्टेंबरला तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल जाहीर क्षमा मागितली. जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले.

जखमींमध्ये पोलीसही होते आणि त्यांत महिला पोलीसही होत्या. ही बाजू मोठ्या प्रमाणावर मांडली गेली ती १७ नोव्हेंबर २०२३ च्या अंबड येथील ओबीसी मेळाव्यात, छगन भुजबळ यांच्या भाषणातून. म्हणजे एका बाजूच्या आठवणीत मार खाल्लेल्या आंदोलक महिला राहिल्या, तर दुसऱ्या बाजूच्या आठवणीत जखमी महिला पोलीस. घटना एकच होती. आपल्या बाजूचे म्हणणे खरे आहे हे सांगताना मात्र दोन्हीकडून बाईवरील हल्ल्याचाच पुरावा पुढे आला.

परभणीत काय घडले?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ डिसेंबरच्या बंदला हिंसक वळण लागले. दुकाने आणि वाहनांचे नुकसान झाले. त्यानंतर पोलिसांनी धरपकड केली. वस्त्यांमध्ये शिरून महिलांनाही मारहाण केल्याचे आरोप झाले, तसे व्हिडिओही पसरले. अटक झालेल्यांमध्ये वडार समाजातील सोमनाथ सूर्यवंशी होते. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी आणि १५ डिसेंबरला मृत्यू.

सुरुवातीला हृदयविकाराचा झटका हे कारण पुढे आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण नोंदवले गेले. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री फडणवीस यांनी सूर्यवंशी यांना मारहाण झाल्याचा आरोप नाकारला. त्याच वेळी वस्तीतील कारवाईत जास्त बळ वापरल्याबद्दल एका पोलीस निरीक्षकाचे निलंबन, न्यायालयीन चौकशी आणि कुटुंबाला १० लाख रुपयांची मदत त्यांनी जाहीर केली.

पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. सूर्यवंशी यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. त्यांची बाजू प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा दाखल करण्याचे आदेश दिले. राज्य सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, पण ३० जुलै २०२५ रोजी सरकारची याचिका फेटाळली गेली. म्हणजे मृत्यूनंतर केवळ गुन्हा दाखल करण्याचा प्रश्न सुटायलाच सात महिन्यांहून अधिक काळ लागला.

नांदेड आणि लातूरच्या वाचकांसाठी हे प्रकरण शेजारच्या जिल्ह्यापुरते नाही. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चारही जिल्हे एकाच, म्हणजे नांदेड पोलीस परिक्षेत्रात येतात. आज परभणीत असलेला अधिकारी उद्या लातुरात किंवा नांदेडात असू शकतो, आणि कोठडीच्या बाबतीत पोलिसांना लागलेली सवय बदलीबरोबर प्रवास करते.

दोन घटनांची तुलना योग्य आहे का?

पूर्णपणे नाही. एक जमावावरचा लाठीमार होता, दुसरा कोठडीतील मृत्यू. एकात क्षमा मागण्याचा प्रश्न होता, दुसऱ्यात फौजदारी गुन्ह्याचा. परभणीतही निलंबन झाले, चौकशी लागली. शिवाय दोन्हीकडे आधी दगडफेक झाली होती का, किती झाली, हा वादाचा मुद्दा होताच.

तरीही लोकांच्या प्रतिक्रियांची तुलना करता येते. अंतरवालीत पोलिसांच्या बाजूने उघडपणे बोलणे पहिले काही दिवस कोणत्याच पक्षाला परवडणारे नव्हते. मराठा समाजाची संख्या, गावोगावचे नातेसंबंध, सत्तेतील आणि विरोधातील आमदार, हे सगळे त्यामागे होते. परभणीत मात्र पहिल्या दिवसापासून दोन कथा समांतर चालल्या. एका कथेत पोलिसांनी दंगलखोरांना आवर घातला होता; दुसरीत दलित वस्तीवर सूड उगवला होता. कोण कोणत्या कथेवर विश्वास ठेवतो, हे शवविच्छेदनाचा अहवाल येण्याआधीच बरेचसे ठरून गेले होते. दगडफेक करणाऱ्यावर खटला चालवता येतो, पण त्याला कोठडीत मारता येत नाही, ही साधी गोष्ट दोन कथांच्या भांडणात मागे पडली.

‘बाईमाणसावर हात उचलला’ हा राग सर्व स्त्रियांसाठी असतो का?

आपल्याकडे पोलिसांनी बाईवर हात उचलला की लोक लगेच भडकतात. पण हा राग सर्व स्त्रियांच्या वाट्याला सारखा येत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘मथुरा प्रकरण’ या नावाने कायद्याच्या पुस्तकांत आहे.

२६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी अल्पवयीन मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, ही कारणे त्यात होती. रात्री पोलीस ठाण्यात, गणवेशातील पुरुषांसमोर एका गरीब आदिवासी मुलीने आरडाओरडा करून काय झाले असते, हा प्रश्न निकालात आला नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांची आंदोलने झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे पीडितेने सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे, ही तरतूद आली. त्याच वर्षी पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी स्वतंत्र कोठडी आणि तेथे महिला पोलिसांचा पहारा असावा, असे निर्देश दिले.

मुद्दा असा की, ‘घरंदाज बाई’ असे जिचे चित्र आपल्या मनात असते, तिच्यावर लाठी पडली की समाज तिच्या बाजूने उभा राहतो. पारधी वस्तीतील बाई, शरीरविक्रय करणारी बाई, रात्री उशिरा कामावरून परतणारी बाई यांच्याबाबत पहिला प्रश्न बहुतेकदा ‘ती तिथे काय करत होती’ हाच असतो.

स्त्रियांच्या सुरक्षेच्या नावाने बळाला मान्यता मिळते का?

मिळते, आणि ती फार लवकर मिळते. बदलापूरचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराची तक्रार घ्यायला पोलिसांनी विलंब केला, म्हणून २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात हजारो लोकांनी अनेक तास रेल्वे रोखली. पोलिसांनी लाठीमार केला. त्या दिवशी पोलीस लोकांच्या नजरेत अपराधी होते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी याच प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळी लागून ठार झाला. आता त्याच शहरात पेढे वाटले गेले, मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. आरोपीच्या दफनाला जागा मिळवण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयात जावे लागले.

आरोपीने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपासाचे आदेश दिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हे पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे, असा त्यात बदल केला. या सगळ्यात एक गोष्ट कायमची निसटली. खटला चालला असता तर शाळेत नेमके काय घडले, कोणी दुर्लक्ष केले, हे साक्षीपुराव्यांतून बाहेर आले असते. ती शक्यता संपली.

नांदेडपासून जवळच्या तेलंगणातही हेच घडले होते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ पशुवैद्यक तरुणीवरील अत्याचार व खून प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. फुले उधळणाऱ्यांपैकी फार थोड्यांपर्यंत तो पोहोचला असेल.

‘हे गुन्हेगारच’ हा शिक्का कुठून आला?

याचे उत्तर शोधताना लातूरला यावे लागते. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजांच्या काळात ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवले गेले, अशा जमातीत वाढलेल्या मुलाचे हे कथन आहे. पोलीस घरात येणे, झडती होणे, मारहाण होणे हे त्या वस्तीच्या रोजच्या जगण्याचा भाग होते, हे मराठी वाचकांच्या मोठ्या वर्गाला तेव्हा पहिल्यांदा कळले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या गेल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही, म्हणजे आजच्या नांदेड-लातूरच्या भागात, याच धर्तीची व्यवस्था होती. हजेरी लावणे, गाव सोडताना परवानगी घेणे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहणे, असे त्याचे स्वरूप होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्यात तो १९५९ मध्ये झाला. कागदावर जमातीचे नाव गेले, पोलीस ठाण्यातील नजर फारशी बदलली नाही.

१९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी समाजातील मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर कृती गट उभा केला. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही पद्धत अनेकांना आजही तपासाचा भाग वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असे बजावले. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावरही न्यायालयाला हे सांगावे लागले.

मराठवाड्यात ‘पोलीस अॅक्शन’ या शब्दाला दोन अर्थ का आहेत?

धर्माचा विचार केला तर मराठवाड्याच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेली कारवाई प्रत्यक्षात लष्करी होती, पण लोकांच्या तोंडी ती ‘पोलीस अॅक्शन’ म्हणूनच राहिली. रझाकारांच्या अत्याचारांतून सुटका झालेल्या लाखो कुटुंबांसाठी हे दोन शब्द मुक्तीचे आहेत, आणि १७ सप्टेंबर हा दिवस त्याच भावनेने साजरा होतो.

कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळल्याचे तिने नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. २७ हजार ते ४० हजार लोकांचा बळी गेला असावा, असा समितीचा अंदाज होता. त्यात मुस्लिमांची संख्या मोठी होती. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच शब्दाच्या दोन आठवणी दोन मोहल्ल्यांत वेगवेगळ्या जपल्या गेल्या. गणवेश दिसल्यावर कोणाला धीर वाटतो आणि कोणाच्या पोटात गोळा येतो, हे अशा आठवणींवरही ठरते.

अभ्यास काय सांगतात?

‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती-सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतील सुमारे १२ हजार पोलीस कर्मचाऱ्यांशी बोलून अहवाल तयार केला. मुस्लिम समाज स्वभावतःच हिंसेकडे झुकणारा आहे, असे कमी-अधिक प्रमाणात वाटणारे जवळपास निम्मे होते. गुन्हेगारांशी हिंसक वागणे योग्य आहे, असे चारपैकी तीन जणांचे मत होते. किरकोळ गुन्ह्यांत खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी, असे ३७ टक्क्यांना वाटत होते. २०२५ च्या अहवालात ८ हजार २७६ पोलिसांची मते आहेत. धोकादायक गुन्हेगारांना खटल्यापेक्षा ठार मारणे बरे, असे त्यातील २२ टक्क्यांनी सांगितले. ही मते पोलिसांची असली तरी पोलीस याच समाजातून येतात. चकमकीनंतर पेढे वाटणारा समाज आणि हे उत्तर देणारा कर्मचारी यांच्यात फार अंतर नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या अंगाने अभ्यासला गेला आहे. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालानुसार, पाच ते १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुली मोठ्या माणसांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि अधिक ‘मोठ्या’ वाटतात. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूने जग हादरले. त्याआधी १३ मार्चला ब्रिओना टेलर ही कृष्णवर्णीय तरुणी स्वतःच्याच घरात पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाली होती. तिच्या नावाची देशभर चर्चा मात्र फ्लॉइड प्रकरणानंतरच वाढली. कृष्णवर्णीय स्त्रियांवरील पोलिसी हिंसा चर्चेतून गळते, हे दाखवण्यासाठी कायद्याच्या प्राध्यापक किम्बर्ली क्रेनशॉ यांच्या संस्थेने ‘तिचे नाव घ्या’ ही मोहीम २०१४ मध्येच सुरू केली होती. वंश आणि लिंग वेगवेगळे मोजले तर ही स्त्री दोन्ही हिशेबांतून निसटते, हा त्यांचा मुद्दा आपल्याकडे जात आणि लिंगाला तसाच लागू होतो. मथुरा प्रकरण हे त्याचे उदाहरण आहे.

महिला पोलिसांकडे समाज कसा पाहतो?

महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. महिला पोलिसांबाबत आपली मते दोन टोकांना असतात. एखाद्या अधिकारी महिलेने रोडरोमिओला भररस्त्यात चोप दिला की ती ‘लेडी सिंघम’ ठरते. तिच्याकडे तो अधिकार होता का, हे कोणी विचारत नाही. तीच महिला बंदोबस्तात जमावासमोर उभी असताना तिच्यावर दगड पडला तर तो ‘कर्तव्याचा भाग’ मानला जातो. महिला आंदोलकांना हटवण्यासाठी महिला पोलीसच पुढे असतात. त्यामुळे आंदोलक महिलांचा राग झेलण्याची आणि नंतर ‘बाईनेच बाईला मारले’ हे ऐकून घेण्याची वेळही त्यांच्यावरच येते.

पुरुषांबाबतही ठरलेला साचा आहे. तरुण पुरुषाला ठाण्यात ‘चार फटके’ बसले तर त्यात बातमी आहे असे कोणाला वाटत नाही. आरोपींची बाजारातून काढलेली धिंड आता गाणे लावून रील म्हणून फिरते. त्यातील अनेकांवर अजून आरोपपत्रही दाखल झालेले नसते.

कायद्याची कसोटी कोणती?

कायदा ‘मार कोणी खाल्ला’ यापासून सुरुवात करत नाही. बळाची गरज होती का, ते गरजेइतकेच वापरले का आणि प्रक्रिया पाळली का, एवढेच तो विचारतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो. जमाव हटला नाही, किंवा हटणार नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तर बळ वापरता येते. जमाव पांगल्यावर घरात शिरून मारणे यात बसत नाही. कलम ४३ नुसार अटकेला विरोध झाला तर आवश्यक ते उपाय योजता येतात. मात्र ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही, आणि ती कारवाई महिला अधिकाऱ्यानेच करायची असते.

अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. त्याची वैद्यकीय तपासणी आणि नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. अटक झालेल्यांची माहिती पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावावी लागते. कबुलीसाठी मारहाण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार गुन्हा आहे, आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तसाही न्यायालयात पुरावा ठरत नाही. कोठडीत मृत्यू झाल्यास कलम १९६ नुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. परभणी आणि बदलापूर या दोन्ही प्रकरणांत पोलिसांची बाजू सर्वप्रथम अडचणीत आली ती अशाच दंडाधिकारी चौकशीमुळे.

चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले. प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करणे हे त्यांत प्रमुख आहे. बदलापूर प्रकरणातील गोळीबार या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला झाला. २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असले पाहिजेत आणि चित्रीकरण १८ महिने, किमान एक वर्ष, जपले पाहिजे. कोठडीत मारहाण झाल्याची शंका असेल तर नातेवाइकांनी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करून हे चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करणे महत्त्वाचे असते. मानवी हक्क आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही दाद मागता येते.

मोबाइलवर आलेला व्हिडिओ पाहताना काय विचारावे?

पोलिसी कारवाईचा व्हिडिओ आला की तो पुढे पाठवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारता येतात. मार पडत असताना ती व्यक्ती प्रतिकार करत होती, पळत होती की हात जोडून बसली होती? व्हिडिओच्या आधी आणि नंतर काय घडले, हे कळले आहे का? ती व्यक्ती आरोपी आहे की दोषी ठरलेली? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्या जागी आपल्या घरातील किंवा आपल्या समाजातील कोणी असते, तर हेच मत राहिले असते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते मत पोलिसांच्या कृतीबद्दल नसून मार खाणाऱ्याबद्दल आहे.

याचा परिणाम पुराव्यांवर आणि खटल्यांवर होतो. ज्याच्या बाजूने जमाव उभा राहतो, त्याच्या जखमांची नोंद होते, चौकशी लागते, मंत्री भेटायला येतात. ज्याच्या बाजूने कोणी नसते, त्याच्या जखमा ठाण्याच्या डायरीत ‘पडल्याने झालेल्या’ असतात. मथुरा प्रकरणात पत्र लिहिणारे चारही अध्यापक त्या मुलीच्या जमातीचे नव्हते, गावचे नव्हते, तिला ओळखतही नव्हते. त्या पत्रानंतर जो कायदा बदलला, तो आज नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला लागू आहे, मग ती कोणत्याही जातीची असो.